पान दोनशे सतरा

नागाव,
५ जानेवारी २०२६

श्री. सदाशिव ठाकूर यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वाचनालयाला येत्या मार्चमध्ये शंभर वर्षं पूर्ण होतात. त्यानिमित्त जुन्या देवघेव-वह्या काढून मांडल्या, तेव्हा एक नोंद उघडी सापडली. पुस्तक : ‘दर्याची कस्तुरा’, ऐतिहासिक कादंबरी. दाखल क्रमांक ४१२. नेणारे : स. गो. ठाकूर, बांधकाम खाते, अलिबाग. नेल्याची तारीख : ९ जानेवारी १९८५. परत आल्याची तारीख : कोरी.

एक्केचाळीस वर्षं झाली. पुस्तक एव्हाना वाचून झालं असावं अशी अपेक्षा आहे.

आपल्याला आठवत नसेल तर सांगते. आंग्र्यांच्या घरात भाऊबंदकी पेटलेली, एका भावाकडे अलिबागचा कुलाबा किल्ला, दुसऱ्याकडे सुवर्णदुर्ग, आणि आरमारातली माणसं अर्धी इकडे, अर्धी तिकडे. कस्तुराचा बाप सुवर्णदुर्गवाल्यांचा गोलंदाज, आणि तिचं मन जडलेलं नेमकं कुलाब्याच्या रायाजी तांडेलावर. शेवटी ती बापाचा पक्ष सोडून भर ओहोटीत एकटी चालत कुलाब्यात जाते, तीच ती कादंबरी. आमच्याकडे तिची एकच प्रत होती, आणि नागावातल्या तीन पिढ्यांच्या मुलींनी तिच्यावर रडून घेतलं होतं. चौथीची सोय आपण होऊ दिली नाहीत.

आपला पत्ता आपल्या मुलीकडून मिळाला. तेजस्वी नववर्षाला मैत्रिणींबरोबर माझ्या भाचीच्या, अनुयाच्या, होमस्टेत उतरली होती. वाचनालय बघायला आली आणि वहीतली नोंद वाचून म्हणाली, “अहो, हे तर आमचे पप्पा.” मुलगी गोड आहे. आपल्या पत्नी पाच वर्षांपूर्वी गेल्याचं तिनं सांगितलं. वाईट वाटलं.

मी आपल्याला आठवत असेन की नाही कोण जाणे. तेव्हा मी तिथे मदतनीस होते, आता मानद ग्रंथपाल आहे, मधल्या काळात शाळेत शिकवून निवृत्त झाले. माझ्या तर चेहरे अजिबात लक्षात राहत नाहीत. चौकड्यांचा शर्ट, खिशाला निळ्या शाईचा डाग, आणि पुस्तक मागताना आधी चप्पल नीट लावून ठेवायची सवय, एवढंच काय ते अंधुक आठवतं.

पुस्तक मिळालं की नोंद बंद करता येईल. एवढंच काम आहे, दुसरं काही नाही.

आपली,
मधुवंती लेले


नागाव,
१२ जानेवारी २०२६

श्री. ठाकूर,

पुस्तक कुरिअरने पोचलं. खाकी कागदाचं कव्हर, कोपऱ्यांना कापडी पट्ट्या, आत डांबराची गोळी. इतकं जपलेलं पुस्तक आमच्या कपाटातसुद्धा नाही, हे मान्य करते. बाकी काही मान्य नाही.

तुमची चिठ्ठी वाचली. “उशिराबद्दल क्षमस्व. त्या दिवशी पुस्तक परत देण्यासाठीच बरोबर आणलं होतं. तुम्ही आला नाहीत, म्हणून राहून गेलं.”

मी आले नाही? मी?

आता सांगतेच. आधीच्या पत्रात मी तुम्हाला विसरल्याचं लिहिलं, ते साफ खोटं होतं. १९८५ च्या जानेवारीत तुम्ही परत केलेल्या एका प्रवासवर्णनात माझ्यासाठी चिठ्ठी होती. ती अजून माझ्याकडे आहे, त्यामुळे शब्द बदलायची सोय नाही. “येत्या अष्टमीला, कस्तुरा, पान २१७ प्रमाणे. आलात तर होकार समजेन. नाही आलात तर पुन्हा विचारणार नाही.” खाली सहीसुद्धा नाही, नुसता ‘स.’

पान २१७ म्हणजे काय ते नागावात कोणाला सांगायला लागत नव्हतं. माघ शुद्ध अष्टमी, रायाजी किल्ल्याच्या दरवाजात उभा, आणि कस्तुरा वाळूतून चालत त्याच्याकडे. मी तीन दिवस जेवले नाही धड. आमचं नारळी-पोफळीच्या वाडीवाल्यांचं घर, तुम्ही पेणच्या पलीकडचे भातशेतीवाले. दादाला कळतं तर त्यानं मला घरात कोंडून तुम्हाला बदडलं असतं. तरी निघाले. घरी सांगितलं, किल्ल्यातल्या गणपतीला जाते. हिरवी साडी नेसले होते. अष्टमीला ओहोटीलाही गुडघाभर पाणी राहतंच, ती पार भिजली.

किल्ल्याच्या दरवाजात मी दोन तास उभी होते. प्रसादाला नेलेली केळी तिथल्या बकऱ्यांनी खाल्ली. तुम्ही नाही. पाणी चढायला लागलं तेव्हा कृष्णाबाई कोळीण, कालवं काढून परत निघालेली, मला म्हणाली, “पोरी, पानी भरतंय. कोनी येनार न्हाय आता, चल.” तिनं माझी पिशवी आपल्या पाटीत टाकली आणि किनाऱ्यापर्यंत माझा हात सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात कळलं की तुम्ही उरणला बदली करून घेतलीत. मला वाटलं, चिठ्ठी म्हणजे ऑफिसातल्या पोरांची पैज असणार. नंतर मला तीन स्थळं आली आणि तिन्ही मी परत पाठवली. तुमच्यामुळे नाही, उगाच फुगू नका. तिघांपैकी एकालाही वाचायची आवड नव्हती.

आणि आता तुम्ही लिहिता, मी आले नाही. पुस्तकाची पानं मी चाळूनही पाहिलेली नाहीत. दाखल क्रमांक तपासला आणि कपाटात ठेवलं. नोंद बंद केली आहे.

मधुवंती लेले


नागाव,
१५ जानेवारी २०२६

सदाशिवराव,

हे पत्र वाचायला बसताना आधी पाणी पिऊन घ्या. मी काल संध्याकाळपासून आलटूनपालटून हसते आहे आणि डोळे पुसते आहे. अनुया मला डॉक्टरकडे न्यायच्या बेतात आहे.

बुधवारी आमचा बायकांचा वाचनकट्टा असतो. नलूनं कपाटात ‘कस्तुरा’ पाहिली आणि हट्टच धरला की शेवट वाचायचा. नलू आमच्या शेजारची, तिच्या मुलाच्या दोन होड्या आहेत. मी नाही म्हणत होते, पण पंधरा जणींपुढे काय चालणार? चष्मा लावला आणि पान २१७ मोठ्यानं वाचायला घेतलं. “माघ शुद्ध अष्टमीचा सूर्य दर्यात बुडत होता. डोक्यावर अर्धा चंद्र. कस्तुरेने कासोटा खोचला आणि उघड्या पडलेल्या वाळूवर पहिले पाऊल टाकले.”

नलू म्हणाली, “थांब गं. अष्टमीला सूर्य बुडताना? तेव्हा तर भरलेला असतो समुद्र. नाकातोंडात पाणी जाऊन मरंल की ती.”

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. सदाशिवराव, ही कादंबरी मी आयुष्यात किमान वीस वेळा वाचली असेन, आणि मला आईशप्पथ आठवत नाही की तिथे सूर्य बुडतो. माझ्या डोक्यात कस्तुरा कायम दुपारी बारा वाजता चालते. कारण अष्टमीला माणूस दुपारीच चालू शकतो.

तुम्हाला हे कोणी शिकवलं नाही, म्हणून आता शिकवते. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी म्हणजे आठ. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, मधोमध बाराला ओहोटी. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही येतं. लेखक पुण्याचे. त्यांना अर्धा चंद्र छान दिसला, त्यांनी घातला, आणि समुद्राला विचारायचं राहिलं. आम्ही किनाऱ्यावरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या वाचताना ती चूक मनातल्या मनात सुधारून घेत आलो, आणि सुधारतो आहोत हे आम्हाला कळलंही नाही. त्या पानावर जे छापलं होतं ते खरं मानणारा एकच वाचक वाचनालयाला मिळाला, तो म्हणजे पेणच्या पलीकडचा भातशेतीवाला.

मग कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. तुमचं अक्षर. “सायं. ६ ते ७. पाणी उतरेना. माणूसभर तरी असेल. दोन्हीकडे पाहिलं. कोणी नाही.”

मला पुढे वाचवेना. नलूनं पुस्तक हातातून काढून घेतलं आणि कड तिनं वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत मी तिला एक शब्द सांगितला नव्हता, पण तिनं तिथल्या तिथे सगळ्यांना चहा ठेवायला आत पाठवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली.

तर तुम्ही आला होतात. वेळेवर, छापल्याप्रमाणे आला होतात. आणि मीही आले होते, छापल्यापेक्षा सहा तास आधी. त्या दिवशी तुम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर पोचत असाल तेव्हा मी घरी न्हाणीघरात साडीचं खारं पाणी काढत रडत होते. मला एकदा तरी वाटायला हवं होतं की या माणसाला भरती-ओहोटी कळत नसेल. नाही वाटलं. ज्याला आपण शहाणा मानतो त्याला एवढं साधं येत नसेल, हे मनातच येत नाही. चूक माझीही आहे. मागचं पत्र फाडून टाका.

तेजस्वी बोलता बोलता म्हणाली होती की पप्पा चाळीस वर्षं उरणला राहतात पण समुद्रावर कधी येत नाहीत. आम्ही गेलो तरी गाडीत बसून राहतात. तेव्हा मला वाटलं, असतो एखाद्याचा स्वभाव. आता कळलं.

मला फार आनंद झालाय. या वयात इतका आनंद झेपतो की नाही तेही ठाऊक नाही. पण झालाय, आणि तो तुम्हालाच सांगायला हवा होता.

मधुवंती


नागाव,
२१ जानेवारी २०२६

सदाशिवराव,

तुमचं पत्र आलं. पोस्टमन दिपाली म्हणाली, “आजी, आता पत्रं कोण लिहितं?” मी म्हटलं, ज्यांचं राहून गेलेलं असतं ते.

तुम्ही लिहिलंत की त्या संध्याकाळी तुम्ही शेवटी असं धरलं की समुद्रकाठची मुलगी आहे, यायचंच असतं तर तिला वाट सापडली असती. छान. म्हणजे मी तुम्हाला शहाणा समजले आणि तुम्ही मला मासळी समजलात.

पुढे लिहिता की जनीबरोबर संसार चांगला झाला, तिला तुम्ही कधी दुखवलं नाही, आणि या पत्रांनी तिचा कमीपणा होऊ नये. हे वाचून तुम्ही मला जास्तच आवडलात, ते सरळ सांगून टाकते. तिचा कमीपणा का होईल? पुस्तकाला कापडी पट्ट्या तिनंच शिवल्यात असं तेजस्वीनं फोनवर सांगितलं. कशाचं पुस्तक ते माहीत असून शिवल्या. अशा बाईला मी रोज नमस्कार करीन.

आता मुद्दा. २६ तारखेला सोमवारी माघ शुद्ध अष्टमी आहे. सुट्टीही आहे. मी कुलाब्यात जाणार आहे, दुपारी बारा वाजता. तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे.

गुडघे दुखतात म्हणालात. माझेही दुखतात. ओहोटीला घोडागाडी जाते किल्ल्यापर्यंत, तिच्यात बसा. लोक काय म्हणतील, हे विचारलंत. माझा दादा गेला, वहिनी माझ्याच बाजूची आहे, आणि अनुयानं तुमच्यासाठी खोली आधीच झाडून ठेवली आहे. ‘या वयात काय उपयोग’ असंही एक वाक्य आहे तुमच्या पत्रात. ते खोडून दोनदा लिहिलेलं दिसतंय, म्हणजे तुमचाही त्यावर फार विश्वास नसावा. मी त्रेसष्टची आहे. संध्याकाळी वाडीत सुपाऱ्या वेचून झाल्या की शेजारी बसून मोठ्यानं वाचायला आणि ऐकायला एक माणूस हवंय. मला ते तुम्हीच हवे आहात. एवढा उपयोग पुरे.

चिठ्ठी लिहायची पाळी आता माझी. पुन्हा गोंधळ नको, म्हणून पान क्रमांक देत नाही.

सोमवारी, २६ जानेवारी, दुपारी बारा, कुलाबा किल्ल्याचा दरवाजा. आलात तर होकार समजेन. नाही आलात तर पुन्हा विचारीन.

मधुवंती


नागाव,
२७ जानेवारी २०२६, सकाळ

प्रिय सदू,

तेजस्वीनं सांगितलं की घरी तुम्हाला म्हातारी माणसं सदू म्हणायची आणि आता तसं म्हणणारं कोणी उरलं नाही. मी म्हणणार. अहोजाहो ठेवीन, काळजी नको.

तुम्ही इथून पन्नास पावलांवर, अनुयाच्या खोलीत झोपला आहात, आणि मी पत्र लिहिते आहे. वेडेपणा आहे. पण काल परतताना होडीत तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर मी दिलं नाही. तुम्हाला वाटलं इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मला नीट ऐकू आलं होतं. होडीवाला मोरू कान टवकारून बसला होता, आणि त्याच्या कानावर गेलेली गोष्ट जेवणाच्या आत थळपर्यंत पोचते. म्हणून गप्प राहिले.

आधी कालचं लिहून ठेवते, नाहीतर पुढे तुम्ही वेगळंच सांगाल.

बारा वाजता मी दरवाजात होते. साडी हिरवीच, पण नवी. सुट्टीमुळे किल्ल्यात जत्रा भरल्यासारखी गर्दी, आणि त्यात तुम्ही नाही. साडेबारा, एक, दीड. फोन काढला तर बॅटरी संपलेली. घोडागाडीवाले ओरडायला लागले, “आजी, शेवटची गाडी, पाणी चढतंय.” कृष्णाबाईची सून गेल्या वेळच्या सासूच्याच जागी उभी होती. तीही म्हणाली, “चला की मावशी.”

तोच दरवाजा, तेच चढणारं पाणी, आणि मला पुन्हा तीच हाक. पण या वेळी एक गोष्ट मला ठाऊक होती. तुम्ही न येणाऱ्यातले नाही. तुम्ही उशिरा येणाऱ्यातले आहात. मी तिला म्हटलं, “तू जा गं. माझं माणूस यायचंय.” आणि पायरीवर बसले. चहूकडून पाणी भरलं. परतायची वाट गेली आणि मला हायसं वाटलं.

आणि तुम्ही तिकडे वडखळच्या नाक्यावर अडकलेले. सकाळी साडेसातला निघालेला माणूस, सुट्टीवर निघालेल्या अख्ख्या मुंबईच्या मागे, दुपारी अडीचपर्यंत गाडीत. तेजस्वी म्हणत होती, परत फिरू, आता काही उपयोग नाही. तुम्ही तिला सांगितलंत म्हणे, “तिथीची पाऊणपट करून बघितलीय मी. आता होडीनं जाता येईल.” हे वाक्य मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

चार वाजता होडी दिसली. पुढे मोरू, मागे तेजस्वी, आणि मध्ये दोन्ही हातांनी फळी धरून, डोळे घट्ट मिटून एक माणूस. मोरू ओरडत होता, “काका, डोळे उघडा, आली मावशी.” तुम्ही उघडले नाहीत. होडी दगडाला लागली तेव्हाच उघडले. एक्केचाळीस वर्षांनी पहिलं वाक्य काय बोललात? “पुस्तक आणायचं राहिलं.” मी म्हटलं, “ते माझ्याकडेच आहे.” तेजस्वी बिचारी बकऱ्यांचे फोटो काढायला निघून गेली.

उतरताना चप्पल मात्र दोन्ही नीट जोडून ठेवलीत. ते पाहिलं आणि मला रडू आलं. तुम्हाला वाटलं ऊन लागलं.

आणि मग सूर्य बुडायला लागला, तेव्हा आपण तटावर उभे होतो. डोक्यावर अर्धा चंद्र, अगदी छापल्याप्रमाणे, आणि खाली किनाऱ्यापर्यंत नुसतं पाणी. तुम्ही म्हणालात, “ह्यात उतरणार होतो मी तेव्हा. चप्पल काढली पण होती.” मी तुमचा हात धरला. तेवढं मोरूच्या दृष्टीआड होतं, म्हणून धरला.

आता काम. आज पहाटे उठून मी एक कागद टाइप केला. “शुद्धिपत्र : पान २१७, ओळ पहिली. ‘सूर्य दर्यात बुडत होता’ याऐवजी ‘सूर्य डोक्यावर आला होता’ असे वाचावे. पेन्सिलीतील मजकूर खोडू नये.” तो पुस्तकात चिकटवला आहे. खाली ग्रंथपाल म्हणून सही केली आहे. चंद्राचं काय करायचं ते लेखकानं बघावं.

देवघेव-वहीतही नवी नोंद केली. पुस्तक : दर्याची कस्तुरा. नेणारे : स. गो. ठाकूर. परतीच्या तारखेचा रकाना कोरा ठेवला आहे, तुम्हाला तसाच सवयीचा आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर होय आहे. तेव्हाही होय होतं, फक्त ते दुपारी बाराला होतं.

हे पत्र मी आत्ता तुमच्या दारातल्या चपलांवर ठेवून येते. वाचून झालं की चहाला या. वेळ ठरवत नाही. जाग येईल तेव्हा या, मी इथेच आहे.

तुमची,
मधुवंती